फेब्रुवारीची पोर

“बोरुमच्या आई, हिचं दप्तर बघा, हिला मागंच ओढतंय. अजून एक वर्ष राहू द्या तुमच्याजवळ. एकच वर्ष.”

बालवाडीच्या बाईंचा हा आवाज दहा वर्षं ओक्बुनच्या कानात मुक्कामाला होता. बाईंना जुना खोकला. ‘एकच’ आणि ‘वर्ष’ यांच्या मधे त्या जराशा खोकल्या होत्या, तो खोकलाही आवाजानं जसाच्या तसा जपून ठेवला होता. भाताच्या भांड्याचं झाकण उचललं की वाफेबरोबर तो वर यायचा. बंदरावर माशाच्या फाका जाळीवर मांडताना बोटांमधून यायचा. ओक्बुन मनातल्या मनात म्हणायची, ऐकलं हो बाई, ऐकलं. मग तो थोडा वेळ गप्प बसायचा, समजूतदार पाहुण्यासारखा.

ऑगस्ट संपत आला होता. शाळेच्या व्यायामशाळेमागं व्हॉलीबॉलच्या मुलींचं राहायचं घर होतं आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ओक्बुनची पाळी होती. मुलींच्या आया पाळीपाळीनं येऊन सगळ्या संघाला रांधून वाढायच्या. ओक्बुन पाच वर्षं येत होती. या पाच वर्षांत तिची स्वतःची पोर, बोरुम, किती वेळा सामन्यात उतरली हे मात्र एका हाताच्या बोटांवर सांगता आलं असतं. बोरुम बाकावर बसायची. कुणी आपटलं, फरशीवर घाम सांडला, की फडकं घेऊन धावायची, पुसायची आणि परत बाकावर.

“तुमची पोर पुसते म्हणून आमच्या पोरी घसरत नाहीत हो,” सेजुंगची आई लसूण सोलता सोलता म्हणाली. सेजुंग संघाची कप्तान, त्यामुळं तिची आईही आयांमधली कप्तान. “पण बाकावर बसून भूक झकास लागते तिला. काल तिसरा वाडगा कुणाचा होता?”

“वाढतेय हो ती.”

“वाढतेय म्हणजे! आता दाराच्या चौकटी बदलायला सुतार बोलवा.”

ओक्बुन हसली. खरंच होतं ते. गेल्या हिवाळ्यापर्यंत संघात सगळ्यांत बुटकी असलेली पोर वसंतात एकाएकी निघाली, ती थांबेचना. रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून कण्हायची आणि सकाळी पायजमा आखूड झालेला असायचा.

तेवढ्यात प्यो सर आत आले. हे मुलींचे प्रशिक्षक. दारात बूट काढले, गळ्यातली शिट्टी उगाच शर्टाला पुसली.

“बोरुमच्या आई,” ते म्हणाले, “पोरीला अजून एक वर्ष द्या. एकच वर्ष.”

ओक्बुनच्या हातातला डाव सुटून साराच्या पातेल्यात बुडाला.

“गेला!” सेजुंगची आई म्हणाली. “आता पोरींना पोहायला उतरवा.”

सर हसले नाहीत. ते खाली मांडी घालून बसले. “हे बघा. ही मागच्या नोव्हेंबरात एकशे पासष्ट सेंटिमीटर होती. काल मोजली, एकशे अठ्ठ्याहत्तर. वीस वर्षं पोरी शिकवतोय मी, पण इतकं उशिरा आलेलं आणि असं धावत आलेलं अंग पाहिलं नाही. पण अंग आलं आणि खेळ मागं राहिला. आपला हात कुठं संपतो तेच तिला अजून उमगत नाही, नेटला लागतो. पुढच्या वर्षी तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. मोठे संघ येतील निवड करायला. चार सामने खेळलेली पोर कोण घेणार? हेच वर्ष ती पुन्हा बसली, तर त्यापुढच्या वर्षीच्या निवडीत पहिल्या पाचात असेल. लिहून देतो.”

“पुन्हा बसायचं म्हणजे… नापास?”

“छे! आजारपण दाखवायचं.” आता सरांनी पातेल्याकडं बघितलं. “तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिवस गैरहजर राहिली की वर्ष आपोआप परत येतं. या सोमवारपासून सुरू केलं तर बसतं गणित. डॉक्टरांचा कागद लागेल, गुडघ्याचा. बसस्टँडमागचे हाडांचे डॉक्टर देतात. सराव आपला चालूच राहील, संध्याकाळी, दारं लावून. सगळेच करतात, बोरुमच्या आई. त्यात लाजायचं काही नाही.”

लाजायचं काही नव्हतं तर मग माणूस पातेल्याकडं का बघत होता, हे ओक्बुननं विचारलं नाही. तिच्या कानात दोन आवाज एकात एक मिसळले होते. दहा वर्षं ती ज्या वर्षाची आठवण काढत होती ते वर्ष आज आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि म्हणत होतं, घेतेस का परत?

“करते,” ती म्हणाली. “सहीचा शिक्का मीच आणून मारते.”

कुणी तिला विचारलं नव्हतं की पोरीचं काय म्हणणं आहे. तिनंही स्वतःला विचारलं नाही.

बोरुम म्हणजे पौर्णिमा. चांद्र पंचांगातल्या नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला जन्मली म्हणून ते नाव. पण त्या साली ती पौर्णिमा फेब्रुवारीच्या मध्यावर पडली होती, शाळा मार्चमध्ये सुरू व्हायची, आणि तेव्हाचा रिवाज असा की मार्चच्या आत जन्मलेली लेकरं आधीच्या सालच्या लेकरांबरोबर शाळेत जायची. पंधरा दिवस उशिरा आली असती तर बोरुम वर्गात सगळ्यांत थोरली ठरली असती. पंधरा दिवस आधी आली, म्हणून सगळ्यांत धाकटी झाली. शाळेत घालायच्या वेळी वजन पंधरा किलो, दर पंधरवड्याला ताप, बोलायला लागली की शेवटचा शब्द गिळायची.

तिचा बाप ग्युचोल त्या वर्षी दूरच्या समुद्रावर होता, मोठ्या बोटीवर. परक्या बंदरातून त्याचा फोन आला, आवाज मधेमधे पाण्यात बुडाल्यासारखा. “थांबव तिला,” तो म्हणाला. “एक वर्ष थांबव. फार बारकी आहे ती.” बालवाडीच्या बाईंनी तर सगळं केलं होतं. नगर कार्यालयातून अर्ज आणला, डॉक्टरांकडून पोरीची तब्येत लिहून घेतली, रकाने भरले आणि ओक्बुनच्या हातात कागद ठेवला. राहिला होता फक्त सहीऐवजी मारायचा पालकाचा शिक्का.

ओक्बुननं शिक्का काढला होता. लाल शाईच्या डबीत टेकवलाही होता. मग तिचा हात मागं आला. का आला, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

ग्युचोलचा पुढचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “नियम नाही म्हणतात. तीनदा हेलपाटे घातले कार्यालयात. साहेब ऐकतच नाहीत.” एकदाही ती गेली नव्हती.

सर बोलून गेले त्या संध्याकाळी ग्युचोल घरी आला. आता तो बंदरावर बर्फाचा ट्रक चालवायचा आणि भर उन्हाळ्यातही त्याच्या बाह्या थंड असायच्या. ताटलीतला मुळा चघळत त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“अगं, पण तिला विचारलंस का?”

“तिला काय कळतंय? सोळा वर्षांची पोर.”

“वर्ष तिचंच जाणार ना?”

“जाणार नाही हो, मिळणार आहे!” ओक्बुनचा आवाज चढला. तो इतका का चढला, म्हणून ग्युचोलनं वर पाहिलं.

“बरं, बरं,” तो म्हणाला. “खरं म्हणजे लहानपणीच थांबायला हवी होती ती. पण तू तरी काय करणार होतीस? नियमच तसा. तू एकटी बाई, तीन तीन हेलपाटे घातलेस.” आणि त्यानं माशाचा मऊ तुकडा काढून तिच्या भातावर ठेवला.

दहा वर्षं तो हे असंच म्हणत आला होता, आणि प्रत्येक वेळी असाच एखादा मऊ तुकडा तिच्या भातावर पडायचा. त्यानं एकदा तरी टाकून बोलावं असं तिला वाटायचं.

दार वाजलं. मग दाराच्या वरच्या पट्टीवर कपाळ वाजलं.

“आईगं!” बोरुम कपाळ चोळत आत आली आणि स्वतःच हसायला लागली. “आज दुसऱ्यांदा. बाबा, ही पट्टी रोज खाली येतेय.”

“पट्टीला म्हणावं थांब,” बाप म्हणाला.

ती जेवायला बसली, गुडघे टेबलाखाली मावेनात म्हणून तिरकी. ओक्बुननं तिला सांगितलं. सरांनी काय म्हटलं ते, दोन वर्षांनी होणारी निवड, पहिल्या पाचात. कागदाचं नाही सांगितलं. बोरुमचा हात वाडग्यावर थांबला.

“मला नको,” ती म्हणाली.

“ऐकून तरी घे.”

“ऐकलं. सरांनी मलाही सांगितलं काल, मी नाही म्हटलं. म्हणून ते तुझ्याकडं आले.” तिनं चमचा खाली ठेवला. “म्हणजे मार्चमध्ये काय होणार सांगू? आत्ता खालच्या वर्गातली, माझी फडकी धुणारी हारिम माझ्या वर्गात येऊन बसणार. मला ताई म्हणावं की नुसतं बोरुम, तिलाही कळणार नाही आणि मलाही. आणि सेजुंग माझी थोरली होणार. चौथीत असताना तिनं मला जिन्यात धरलं होतं. ‘तू पंच्याण्णवची, मी चौऱ्याण्णवची, मला ताई म्हण.’ मी नाही म्हटलं. दोन महिने एकटी जेवले त्यापायी. आता आपण होऊन तिला ताई म्हणू?”

“एका शब्दासाठी कुणी निवड सोडतं का?”

“शब्द नाही गं आई.” बोरुमनं वाडगा बाजूला सारला. “मी जन्मभर सगळ्यांच्या एक वर्ष मागून धावतेय. दोरीच्या उड्या मागून, दात पडणं मागून, सगळं मागून. आत्ता कुठं गाठलंय त्यांना. आणि तू म्हणतेस, थांब, परत मागं जा.”

ओक्बुननं उठून भांडी घासायला घेतली. घासलेली भांडीही तिनं पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर ऊन चांगलं होतं. बायका ओणव्या बसून माशाच्या पातळ फाका एकीला एक लावून जाळीवर फुलासारख्या मांडत होत्या. कुणीतरी नेहमीचं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं:

ऊन आलं गं बायांनो, जाळी पसरा पसरा,
ढग आला गं बायांनो, घरी लेकरं आवरा…

ओक्बुन गात नव्हती. तिच्या बोटांना मासा कळायचा. वरून कोरडा दिसतो, पण मधोमध अंगठ्यानं दाबला तर ओल लागते. अशा वेळी उचलला तर चार दिवसांत वास मारतो. अर्धओला मासा तिनं आजवर एकही उचलला नव्हता, मालकीण इतरांना तिचा दाखला द्यायची. मासे मला कळतात, तिला वाटलं, आणि घरातलं लेकरू? तिनं अंगठा जाळीवर तसाच दाबून धरला, फाक तुटेपर्यंत.

शनिवारी ती बोरुमला घेऊन बसस्टँडमागच्या डॉक्टरांकडं गेली. “सर म्हणाले, एकदा तपासून घ्या,” एवढंच तिनं लेकीला सांगितलं. डॉक्टरांनी डावा गुडघा दाबला.

“दुखतं?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

“इथं तरी?”

“नाही हो डॉक्टर,” बोरुम हसून म्हणाली, “आता गुदगुल्या होतायत.”

डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी कागद पुढं ओढला. “दोन महिने लिहू की तीन?”

“तीन,” ओक्बुन म्हणाली. बाहेर पोरीच्या हसण्याचा आवाज अजून येत होता, ती तिथल्या कुठल्यातरी म्हातारीशी बोलत होती.

रविवारी दुपार उतरल्यावर आभाळ भरून आलं. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या, त्या आवरायला बोरुम वर गेली. उद्या सोमवार. ओक्बुननं शिवणाच्या डब्यातून कापडी पिशवी काढली, पिशवीतून शिक्का काढला, शाईची डबी उघडली. डॉक्टरांचा कागद टेबलावर सपाट केला.

पिशवीच्या तळाशी आणखी एक कागद होता, आठ घड्यांचा. तिनं तो जाळला नव्हता, फाडलाही नव्हता. दहा वर्षं तो शिक्क्याच्या खालीच झोपला होता. घराचा करार असो की पार्सलची पावती, शिक्का काढताना दर वेळी तो बोटाला लागायचा. आज तिनं तो उलगडला आणि शेजारी ठेवला.

एका कागदावर बालवाडीच्या बाईंचं गोल अक्षर, तब्येत नाजूक आहे असं. ते खरं होतं, आणि त्यावर शिक्का नव्हता. दुसऱ्यावर डॉक्टरांचं घाईचं अक्षर, तेही म्हणत होतं तब्येत बिघडली आहे असं. ते खोटं होतं, आणि त्यावर मारायला तिनं शिक्का शाईत बुडवला होता. दोन्ही वेळा पोर दुसरीकडं कुठंतरी होती. पहिल्या वेळी झोपलेली. आज गच्चीवर.

जिन्यात पावलं वाजली. ओक्बुन हलली नाही. आणखी एक कागद पिशवीत सरकवायचं बळ तिच्या बोटांत राहिलं नव्हतं.

“आई, चार थेंब पडलेच मिरच्यांवर…” बोरुम टोपली कमरेवर घेऊन आत आली, या वेळी डोकं वाकवून. टेबलावर तिची नजर गेली. टोपली खाली ठेवून तिनं समोरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. “डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध ताणलेला. तीन महिने विश्रांती.”

तिनं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं, जणू कुणा दुसऱ्याचा पाय आहे. मग तिथल्या तिथं उडी मारली. तळहात छताला सपकन लागला, ती खाली आली आणि फळीवरचे वाडगे खणखणले.

“हा ताणलेला?” तिनं डावा गुडघा पुढं केला. “आई, सोळा वर्षांत पहिल्यांदा माझं अंग माझं ऐकतंय. पहिल्यांदा! आणि तू लिहून आणलंस की ते बिघडलंय.”

“तुझ्या भल्यासाठीच गं—”

“मग मला चोरून का? डॉक्टरांसमोर मी हसत बसले वेड्यासारखी.” तिनं कागद टेबलावर ठेवला, फेकला नाही. “खरं सांग आई. हे वर्ष मला हवंय, की तुला?”

दारात ग्युचोल उभा होता. रबरी बूट काढता काढता त्यानं शेवटचं ऐकलं होतं.

“बोरुम, आईवर असं ओरडू नये,” तो हळू म्हणाला. “तेव्हाच ते एक वर्ष मिळालं असतं तर आज ही वेळच आली नसती. मनाला लागून राहिलंय तिच्या. पण तेव्हा नियम आडवा आला, आणि तुझी आई बिचारी तीन तीन हेलपाटे—”

“नियम नव्हता,” ओक्बुन म्हणाली.

ग्युचोलच्या हातात एक बूट तसाच राहिला.

ओक्बुननं शिक्का फडक्याला पुसला, नीट, लाल रंग निघेपर्यंत. शाईची डबी मिटली. डॉक्टरांच्या कागदाच्या चार घड्या घालून तो बोरुमच्या हातात दिला. “हा तू फाड. मी यावर शिक्का मारणार नाही, आणि उद्या सरांना मीच सांगते. मार्चमध्ये तू तुझ्या वर्गाबरोबर पुढं जा. सेजुंगला नुसतं सेजुंग म्हण. निवड झाली तर झाली.” मग तिनं दुसरा कागद नवऱ्याच्या दिशेनं सरकवला. “हेलपाटा एकही घातला नव्हता. सगळं बाईंनीच भरून दिलं होतं. फक्त शिक्का राहिला होता.”

ग्युचोल वाचत राहिला. दोन ओळींचाच मजकूर, पण त्याला वेळ लागला. त्याच्या बाहीवरून वितळलेल्या बर्फाचं पाणी थेंबाथेंबानं फरशीवर पडत होतं आणि कुणी ते पुसायला उठलं नाही.

बोरुम हळूच टेबलाशी बसली. तिनं बापाच्या हातातून कागद घेतला, आपलं नाव वाचलं, वजन वाचलं. “पंधरा किलो,” ती म्हणाली. आणि मग राग नसलेल्या आवाजात तिनं विचारलं, “मग का नाही मारलास, आई?”

ओक्बुनला वाटलं आता कानातला तो जुना आवाज येईल. तो आला नाही. बाहेर मिरच्यांच्या रिकाम्या चटईवर पाऊस वाजत होता, तेवढाच.

“बाबा समुद्रावर होते,” ती म्हणाली. “तू दिवसभर माझ्या परकराला धरून असायचीस. संडासलासुद्धा. रात्री ताप. मी शिक्का हातात घेतला आणि मला वाटलं, अजून एक वर्ष हे असंच? काम अडत नव्हतं, पैसा अडत नव्हता, कुणी काही म्हणत नव्हतं. मला फक्त एक सकाळ हवी होती, जिच्यात मला कुणी आई म्हणून हाक मारणार नाही.” तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, कारण खाली बघून सांगायची ही गोष्ट नव्हती. “शाळेच्या पहिल्या दिवशी तू चड्डी ओली केलीस. शाळेतल्या बाईंनी तुला दुसऱ्या कुणाची चड्डी घालून घरी पाठवलं, आठवतं? त्या वेळी मी घरी होते. जमिनीवर मधोमध आडवी पडले होते आणि सफरचंद खात होते. अख्खं. एकही फोड कुणासाठी बाजूला न ठेवता. आणि बोरुम, मला ते इतकं गोड लागलं होतं.”